कारण दिसण्याचे, नाव शिस्तीचे

जपानमधील ओसाका प्रांतात हाबिकिनो या ठिकाणी कैफूकान नावाची सरकारी उच्च माध्यमिक शाळा आहे. २०१५ साली तेथे प्रवेश घेतलेल्या एका विद्यार्थिनीचे केस जन्मापासूनच तपकिरी होते आणि तिच्या आईने ही गोष्ट शाळेच्या कानावर आधीच घातली होती. तरीही, केस रंगवू नयेत या नियमाकडे बोट दाखवून शिक्षकांनी तिला केस काळे रंगवून येण्यास पुन्हा पुन्हा फर्मावले. केस रंगवण्यास बंदी आहे म्हणून केस रंगवून यायचे, यातला विनोद शाळेत कोणालाही जाणवला नसावा. सततच्या रंगामुळे मुलीच्या टाळूवर पुरळ उठले, डोके दुखू लागले आणि २०१६ च्या सप्टेंबरपासून तिने शाळेत जाणेच सोडले. पुढे तिचे बाक वर्गातून हलवण्यात आले आणि पटावरून तिचे नावही गाळण्यात आले. तिने २०१७ मध्ये प्रांतिक सरकारवर दावा लावला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ओसाका जिल्हा न्यायालयाने तिला ३,३०,००० येन भरपाई मंजूर केली.

बातमी एवढ्यावर थांबली असती तर न्याय झाला असेच वाटले असते. परंतु भरपाई मिळाली ती बाक हलवल्याबद्दल आणि नाव गाळल्याबद्दल. केसांविषयीचा नियम मात्र न्यायालयाने वैध ठरवला. विद्यार्थ्यांचे लक्ष अभ्यासावर राहावे आणि गैरवर्तनाला आळा बसावा या शैक्षणिक हेतूने तो केलेला आहे, आणि मुलीचे मूळ केस काळेच आहेत अशा समजुतीने शिक्षकांनी तिला जे सांगितले ते बेकायदा म्हणता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. टोकियोतील अनेक शाळा तर केस काळे किंवा सरळ नसलेल्या मुलांकडून, हे केस नैसर्गिक आहेत, असा पालकांच्या सहीचा दाखला मागत असत. टोकियो महानगर शासनाच्या शाळांमधून केसांच्या आणि अंतर्वस्त्रांच्या रंगाविषयीचे असे नियम एप्रिल २०२२ पासून रद्द झाले.

दिसण्यावरून होणाऱ्या भेदभावाविषयी निरनिराळ्या देशांतले वाचू लागले तेव्हा हीच तऱ्हा मला जागोजागी आढळली. 'तुझे रूप आम्हांला पसंत नाही' असे कोणतीही संस्था लिहून देत नाही. शाळा शिस्तीचे नाव घेते, कार्यालय टापटिपीचे, नगरपालिका सार्वजनिक सभ्यतेचे, आणि लग्नाच्या बैठकीत 'जोडा शोभला पाहिजे' असे म्हटले जाते. या नामांतराचा परिणाम असा होतो की भेदभाव करणाऱ्याला आपण काही गैर करतो आहोत असे वाटतच नाही आणि ज्याच्या वाट्याला तो येतो त्याला नेमके कशाविरुद्ध भांडावे हे कळत नाही. पुण्याजवळच्या कारखानदारीत मनुष्यबळ विभागात मी बरीच वर्षे काम करते आहे आणि मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसून हे बारसे कसे होते ते पाहत आले आहे.

मुलाखतीच्या गुणपत्रकात पूर्वी सर्वत्र 'व्यक्तिमत्त्व' असा एक रकाना असे आणि पुष्कळ ठिकाणी तो अजूनही आहे. त्या रकान्यात बोलण्यातील स्पष्टता, आत्मविश्वास, वागणुकीतील सौजन्य यांची नोंद व्हावी अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तेथे 'स्मार्ट वाटत नाही', 'फ्रंट ऑफिसला चालणार नाही', 'क्लायंटसमोर पाठवता येणार नाही' अशी वाक्ये येतात. या वाक्यांचा अर्थ खोलीतल्या सर्वांना ठाऊक असतो. उमेदवार ठेंगणी असते, किंवा तिचे दात पुढे असतात, किंवा रंग गडद असतो, किंवा गालावर भाजल्याची खूण असते. यातले काहीही कागदावर येत नाही. एका कंपनीत (तिचे नाव येथे घेण्याचे कारण नाही) ज्या जागेवरच्या कर्मचाऱ्याला दिवसभर पुरवठादारांना ईमेल पाठवण्याखेरीज दुसरे काम नव्हते, त्या जागेसाठीही 'प्रेझेंटेबल' ही अट जाहिरातीत छापलेली मी पाहिली आहे. ती अट कोणी आणि कशासाठी घातली असे विचारल्यावर, जाहिरातीचा मसुदा वर्षानुवर्षे हाच चालत आला आहे, असे उत्तर मिळाले. मला वाटते ते उत्तर प्रामाणिक होते. कोणाच्या मनात द्वेष असण्याची गरजच नसते. मसुदा पुरेसा असतो.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात २०१० साली घडलेला प्रसंग याच जातीचा आहे. विम्याच्या दाव्यांचे काम पाहणाऱ्या एका कंपनीने एका कृष्णवर्णीय तरुणीची फोनवरून ग्राहकांशी बोलण्याच्या कामासाठी निवड केली. ग्राहक तिला पाहणार नव्हते. तिने केसांच्या बारीक जटा ठेवल्या होत्या, ज्यांना तिकडे ड्रेडलॉक्स म्हणतात. त्या कापाव्या लागतील असे मनुष्यबळ अधिकाऱ्याने सांगितले आणि त्याचे कारण असे दिले की असे केस पुढे अस्ताव्यस्त होतात. तुझे तसे आहेत असे मी म्हणत नाही, अशी पुस्तीही जोडली. तरुणीने नकार दिला आणि कंपनीने नोकरीचा देकार मागे घेतला. समान संधीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने तिच्या वतीने दावा लावला, परंतु २०१६ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. केसांचा पोत जन्मजात असतो, त्यांची रचना मात्र माणूस बदलू शकतो आणि जे बदलता येते त्यावरून नाकारणे हा वंशभेद नव्हे, असा तो युक्तिवाद होता. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केसांवर तेथे कायद्याची नजर नवीन नाही. १७८६ मध्ये, लुईझियाना स्पेनच्या ताब्यात असताना, तेथल्या गव्हर्नराने कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय स्त्रियांनी केस फडक्याने झाकले पाहिजेत असा हुकूम काढला होता, कारण त्यांची केशभूषा फारच उठून दिसू लागली होती. त्या स्त्रियांनी फडकीच इतकी रंगीत आणि डौलदार बांधली की हुकूम काढणाऱ्याचा हेतू साधला नाही, हा इतिहासातला एक आनंददायक तपशील. कॅलिफोर्निया हे केसांच्या पोतावरून आणि पारंपरिक केशरचनेवरून भेदभाव करण्यास कायद्याने मनाई करणारे अमेरिकेतले पहिले राज्य ठरले आणि ते व्हायला २०१९ साल उजाडले.

दक्षिण आफ्रिकेत तर दिसणे हाच कायद्याचा पाया होता. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाला वंशाच्या एका खान्यात बसवले. गोरा कोण, तर जो दिसायला उघडपणे गोरा आहे किंवा ज्याला लोक सर्वसाधारणपणे गोरा समजतात तो, अशा धर्तीची त्यातली व्याख्या होती. शंका आली की अधिकारी नखे, ओठ आणि केस तपासत. पेन्सिलची चाचणी कायद्याच्या पुस्तकात नव्हती, पण वापरात होती: केसांत पेन्सिल खोचायची, ती गळून पडली तर माणूस गोरा, अडकून राहिली तर नव्हे. सँड्रा लेंग या मुलीची हकिगत वाचताना मला अनेकदा पुस्तक बाजूला ठेवावे लागले. १९५५ मध्ये गोऱ्या आईबापांच्या पोटी जन्मलेली ही मुलगी सावळी आणि कुरळ्या केसांची निघाली. इतर पालकांनी आणि शिक्षकांनी तक्रारी केल्यावर १९६६ मध्ये, दहा वर्षांची असताना, पोलिसांनी तिला शाळेतून नेऊन घरी पोचवले. सरकारने तिची नोंद 'कलर्ड' म्हणजे मिश्रवंशीय अशी बदलली. वंशभेदी राजवटीचे समर्थक असलेले तिचे वडील मुलीसाठी त्याच राजवटीशी न्यायालयात लढले. दिसण्यापेक्षा आईबापांचा वंश महत्त्वाचा मानावा अशी दुरुस्ती १९६७ मध्ये झाली तेव्हा ती कागदावर पुन्हा गोरी झाली. समाजाने मात्र तिला पुन्हा गोरी मानले नाही. पुढे तिने एका कृष्णवर्णीय पुरुषाबरोबर संसार थाटला आणि वडिलांनी तिचे नाव टाकले.

तो कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, प्रिटोरियातील मुलींच्या एका जुन्या नामवंत शाळेत कृष्णवर्णीय विद्यार्थिनींना निदर्शने करावी लागली, कारण नैसर्गिक, फुललेले केस घेऊन शाळेत आल्यावर ते 'नीटनेटके' करून येण्यास त्यांना सांगितले जात असल्याची त्यांची तक्रार होती. प्रांतिक शिक्षण खात्याने शाळेच्या नियमावलीतील केसांविषयीच्या कलमांना स्थगिती दिली. पेन्सिलीच्या जागी नियमावली आली होती. ज्यांनी ती लिहिली त्यांना आपण काय लिहिले याची कल्पना असेलच असे नाही, आणि म्हणूनच ती उघड द्वेषापेक्षा चिवट असते.

नगरपालिकांचा इतिहास याहून रोखठोक आहे. सॅन फ्रान्सिस्कोने १८६७ मध्ये आणि शिकागोने १८८१ मध्ये असे वटहुकूम काढले की रोगट, लुळीपांगळी किंवा कोणत्याही प्रकारे विद्रूप असून पाहणाऱ्याला किळस आणणारी व्यक्ती सार्वजनिक रस्त्यावर स्वतःचे प्रदर्शन करणार नाही. शिकागोतला हा हुकूम १९७४ पर्यंत पुस्तकात होता. हे वाचून अमेरिकनांना नावे ठेवण्याआधी आपल्या राज्यातला मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ उघडून पाहावा. भीक मागणे म्हणजे काय याच्या व्याख्येत त्याने भीक मिळवण्यासाठी जखम, व्रण, व्यंग किंवा रोग उघडा दाखवणे हा प्रकार घातला आहे. उदरनिर्वाहाचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे हाही त्यातलाच एक प्रकार. साधन 'दृश्य' आहे की नाही हे ठरवणार रस्त्यावरचा पोलीस, आणि तो ते माणसाच्या कपड्यांवरून आणि चेहऱ्यावरून ठरवणार, हे उघड आहे. दिल्लीला लागू केलेल्या याच कायद्यातील प्रमुख कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात, जेथे त्याचा जन्म झाला, तेथे तो कायम राहिला. त्याच पंगतीत बसणारा कुष्ठरोग्यांविषयीचा १८९८ चा ब्रिटिशकालीन कायदा रद्द व्हायला २०१६ साल लागले आणि जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण २०१९ पर्यंत आपल्या विवाहविषयक कायद्यांत होते. आनंदवन वरोऱ्याजवळ उभे राहिले त्याला तोवर जवळजवळ सत्तर वर्षे झाली होती आणि औषधाने पूर्ण बरा होणारा रोग म्हणून कुष्ठरोगाची ओळख कित्येक दशकांपूर्वीच पटलेली होती.

आता लग्नाकडे वळते, कारण आपल्याकडे हा भेदभाव सर्वांत मोकळेपणाने तेथे वावरतो. वर्तमानपत्रातील जाहिरातींत 'गोरी', 'सुस्वरूप', 'गृहकर्तव्यदक्ष' ही विशेषणे एका ओळीत नांदत आली. तोंडी व्यवहारात अधिक नजाकत असते. मुलगी 'रंगाने जरा डावी' असते, 'सावळी पण तरतरीत' असते, 'नाकीडोळी नीटस' असते, आणि या 'पण'मध्ये हुंड्यापासून दुसरेपणाच्या स्थळापर्यंत सगळी तडजोड सामावलेली असते. मुलाच्या रंगाची चर्चा होत नाही असे नाही, परंतु त्याच्या पगाराने ती लवकर मिटते. सावळ्या विठ्ठलाच्या दारी ऊन-पावसात चालत जाणाऱ्या समाजात सुनेचा रंग का खुपावा, हा प्रश्न अनेकांनी विचारून झाला आहे आणि त्याने कोणाचे मत बदललेले मला दिसले नाही. देवाचे रूप आणि सुनेचे रूप यांचे हिशेब आपण वेगळ्या वह्यांत लिहितो. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या क्रीमने हा दुसरा हिशेब अचूक ओळखला होता. २०२० मध्ये, अमेरिकेतील वर्णद्वेषविरोधी आंदोलनाचे पडसाद जगभर उमटत असताना, कंपनीने क्रीमच्या नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला आणि त्याच सुमारास एका मोठ्या विवाहविषयक संकेतस्थळाने रंगानुसार स्थळे चाळण्याची सोय बंद केली. चाळणी गेली, छायाचित्र राहिले, त्यामुळे जे काम यंत्र करत होते ते आता अंगठा करतो.

या हिशेबाची किंमत कधीकधी शरीराला मोजावी लागते. अकोल्यातील एका तरुणीला, तिच्या आईला आणि बहिणीला काही वर्षांपूर्वी मूत्रपिंडाचा विकार जडला, आणि मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तपास झाला तेव्हा तिघी वापरत असलेल्या त्वचा उजळवणाऱ्या क्रीममधील पाऱ्याकडे बोट गेले. पारा त्वचेतले मेलॅनिन तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून रंग खरोखरच उजळतो आणि म्हणूनच अशा क्रीमचा खप होतो. तोच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात पोचतो. पाऱ्याविषयीच्या मिनामाता आंतरराष्ट्रीय कराराने अशी सौंदर्यप्रसाधने बंद करण्याचे ठरवले आहे. तरीही गल्लीतल्या ब्यूटी पार्लरमध्ये विनालेबलच्या डबीतून काय लावले जाते हे तपासणारे कोणी नसते.

रंगावरून होणारा छळ न्यायालयापुढे येतो तेव्हा काय होते हे पाहणे उद्बोधक आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने, पतीला तो काळा आहे म्हणून हिणवणे आणि ते झाकण्यासाठी त्याच्यावर खोटे आरोप करणे ही क्रूरता आहे, असे म्हणत पतीला घटस्फोट मंजूर केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयाने, पत्नीला तिच्या रंगावरून अपमानित करणाऱ्या पतीचा घटस्फोटाचा अर्ज फेटाळला आणि गोरेपणाच्या वेडाला खतपाणी घालता येणार नाही, असे बजावले. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे सातारा जिल्ह्यातील सुमारे तीस वर्षांपूर्वीचे प्रकरण आले. पती काळी म्हणून टोमणे मारतो, दुसरे लग्न करण्याच्या धमक्या देतो, सासरे स्वयंपाकाला नावे ठेवतात, असे सांगणाऱ्या एका तरुण पत्नीने आत्महत्या केली होती आणि सत्र न्यायालयाने पतीला दोषी ठरवले होते. उच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. ही संसारातली भांडणे आहेत, फौजदारी कायद्याला अभिप्रेत असलेल्या तीव्रतेचा छळ नव्हे, असा त्याचा निष्कर्ष होता. घटस्फोटासाठी लागणारा पुरावा आणि तुरुंगात पाठवण्यासाठी लागणारा पुरावा यांत फरक असतो आणि तो असलाच पाहिजे, हे मला मान्य आहे, त्यामुळे हे तीन निकाल एका तराजूत घालणे योग्य होणार नाही. पण 'संसारातली भांडणे' हेही एक नावच आहे, आणि शिस्त किंवा टापटीप या नावांप्रमाणे त्यानेही दिसण्याचा मुद्दा नजरेआड होतो, एवढे नोंदवल्याशिवाय राहवत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात पत्नीला रंगावरून सतत हिणवणाऱ्या आणि रंग उजळण्याचे औषध म्हणून तिच्या अंगाला ज्वलनशील रसायन लावून २०१७ मध्ये तिला जाळणाऱ्या पतीला सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली. त्या प्रकरणाला भांडण म्हणणे कोणालाच शक्य नव्हते.

पांढरे कोड असलेल्यांची कथा रंगाच्या उलट टोकाची आणि तरीही तीच आहे. हा विकार संसर्गजन्य नाही, त्याने जिवाला धोका नाही, कुष्ठरोगाशी त्याचे काही नाते नाही आणि जगातल्या सुमारे एक टक्का लोकांना तो असतो. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी उभारलेली श्वेता असोसिएशन कोड असलेल्यांसाठी आधारगट चालवते आणि त्यांचे वधू-वर मेळावेही भरवते. या मेळाव्यांविषयी माझ्या मनात दोन भावना आहेत. त्यांतून अनेकांचे संसार उभे राहतात, ही चांगली गोष्ट आहे. त्याच वेळी, कोड असलेल्याने कोड असलेल्यातच शोधावे, या समजुतीला बाकीचा समाज किती सहज सरावतो, याची रुखरुख लागते. तो दोष मेळावे भरवणाऱ्यांचा नाही.

रस्त्यावर मात्र कोणत्याही सोज्ज्वळ नावाची गरज पडत नाही. ईशान्येकडील तरुणतरुणींना पुण्याच्या बसथांब्यावर आणि दिल्लीच्या बाजारात कोणत्या हाका ऐकाव्या लागतात हे येथे लिहिण्याची इच्छा नाही. अरुणाचल प्रदेशातील निडो तानियाम हा तरुण जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपत नगरात पत्ता विचारत असताना त्याच्या केसांची आणि पेहरावाची टिंगल झाली, त्यातून मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वंशावरून हिणवण्याविरुद्ध दंड संहितेत स्वतंत्र कलमे घालण्याची शिफारस केली. नव्या भारतीय न्याय संहितेतही तशी स्वतंत्र कलमे आली नाहीत. त्याआधी, ऑगस्ट २०१२ मध्ये, आपल्यावर हल्ले होणार अशा अफवांमुळे बंगळूरुतून आणि पुण्यातूनही ईशान्येकडचे हजारो लोक गाड्या भरभरून गावी परतले होते. धमकी ज्यांना होती ते कोणत्या राज्याचे, कोणत्या धर्माचे, हे कोणी विचारणार नव्हते. चेहरा पुरेसा होता.

कायद्याने यावर काय करता येते, याची काही उत्तरे जगात तयार आहेत. फ्रान्सने २००१ मध्ये कामगार कायद्यातील भेदभावाच्या निषिद्ध कारणांमध्ये 'शारीरिक स्वरूप' हे कारण स्पष्टपणे घातले. एअर फ्रान्सच्या एका पुरुष कर्मचाऱ्याला वेण्या घालण्यावरून कामावर येऊ दिले जात नव्हते, जेव्हा की स्त्री कर्मचाऱ्यांना तशाच वेण्यांची मुभा होती. २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा लिंगाशी निगडित असा दिसण्यावरूनचा भेदभाव ठरवला. अमेरिकेतील मिशिगन राज्याने १९७६ मध्येच उंची आणि वजन यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. ग्रीसमध्ये पोलीस भरतीसाठी स्त्री-पुरुष दोघांनाही १.७० मीटर उंचीची एकच अट होती, ती २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयापुढे टिकली नाही, कारण पोलिसांच्या सगळ्या कामांना इतकी उंची लागते हे दाखवता आले नाही. मला हा शेवटचा निकाल सर्वांत उपयोगी वाटतो. शारीरिक अट असूच नये, असे तो म्हणत नाही; काम दाखवा आणि त्या कामाला ती अट का लागते ते सांगा, एवढेच तो विचारतो.

आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ आणि १६ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान अशी कारणे आहेत, दिसणे नाही, आणि खासगी नोकरीपर्यंत ती कलमे सहसा पोचत नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने आम्लहल्ल्यातील पीडित, बुटकेपणा असलेल्या व्यक्ती आणि कुष्ठरोगातून बरे झालेले लोक यांना संरक्षण दिले, ही मोठी गोष्ट झाली. पण त्या एकवीस प्रकारांच्या यादीत कोड नाही, भाजल्याच्या साध्या खुणा नाहीत, आणि रंग तर असणारच नाही. म्हणजे आम्लाने चेहरा भाजला तर कायदा आपला, स्टोव्हच्या भडक्याने भाजला तर बहुधा नाही.

दक्षिण कोरियाने याहून साधा मार्ग धरला. तेथे नोकरीच्या अर्जावर छायाचित्र लावण्याची रीत इतकी रुजलेली की अर्जाच्या छायाचित्रात चेहरा नितळ आणि जबडा निमुळता करून देणे हा स्टुडिओंचा धंदाच झाला, आणि शाळा संपल्यावर पापण्यांची शस्त्रक्रिया ही पालकांची भेट ठरू लागली. २०१७ मध्ये तेथल्या सरकारने सार्वजनिक संस्थांत ओळख झाकून भरती करण्याचे धोरण आणले आणि जुलै २०१९ पासून तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना कामाशी संबंध नसताना उमेदवाराचे रूप, उंची, वजन, मूळ गाव, वैवाहिक स्थिती किंवा मालमत्ता विचारण्यास मनाई झाली. मोडल्यास ५० लाख वॉनपर्यंत दंड. माणसांची मने बदलण्याची वाट न पाहता त्यांनी अर्जातला रकाना काढला. मला ही दिशा पटते, कारण मनाचे काय झाले हे कोणाला तपासता येत नाही, अर्जाचे काय झाले ते येते.

आमच्या विभागातही गुणपत्रकातील 'व्यक्तिमत्त्व' हा रकाना काढला. काही दिवस बरे गेले आणि मग तीच वाक्ये 'इतर शेरे' या रकान्यात येऊन बसली. त्यामुळे आता असा नियम केला आहे की उमेदवाराच्या दिसण्याविषयी, राहणीविषयी किंवा एकंदर छापाविषयी कोणी काही लिहिले तर त्यासमोर कामाच्या वर्णनातील कोणते काम त्यामुळे अडते त्याचा अनुक्रमांक लिहायचा. सुरक्षा विभागाने उंचीसाठी आणि रंगकाम विभागाने त्वचेच्या ॲलर्जीसाठी तो लिहिला आहे आणि दोन्ही ठिकाणी तो पटण्याजोगा होता. बाकीच्या शेऱ्यांपुढे क्रमांक येत नाही, म्हणून ते गुणांत धरले जात नाहीत. काही विभागप्रमुखांच्या मते ही निव्वळ कारकुनी आहे, आणि ती आहेच.